डन्लेव्हींच्या अंगणातला उंचवटा

विलोफील्डच्या थिसल लेनवर पडदे हा फार गंभीर विषय होता. त्याला कारण होतं. घरं सगळी एकाच साच्यातली. दुसरी मोठी लढाई संपल्यावर न्यूयॉर्कजवळच्या लाँग आयलंडच्या बटाट्याच्या शेतांवर घरं बांधणाऱ्या कंपनीने ती ओळीने बसवली होती, भट्टीतून पाव काढून फळीवर मांडावेत तशी. स्वयंपाकघराची खिडकी रस्त्याकडे, बसायची खोली मागच्या अंगणाकडे, वर अर्धवट सोडलेला माळा, खाली तळघर नाही. लढाईवरून परतलेली पोरं सासूच्या घरी सोफ्यावर झोपून कंटाळली होती. त्यांनी नमुन्याचं घर पाहिलं आणि बायकोने हो म्हणायच्या आत सही ठोकली. राहायला आल्यावर त्यांच्या ध्यानात आलं, की हे घर शेजाऱ्याचं नसून आपलं आहे हे जगाला दाखवायला हातात काहीच नाही. कुंपण घालायला बंदी. पुढच्या अंगणात भाजी लावायला बंदी. हिरवळ दर आठवड्याला कापायची. धुणं मागच्या अंगणात, छत्रीसारख्या उघडणाऱ्या दांडीवर वाळत घालायचं, आणि रविवारी तेही नाही. करारात आणखीही एक कलम होतं, गोऱ्या माणसाखेरीज कुणाला घर द्यायचं नाही असं. शेजारणीच्या चड्ड्यांवर तासभर बोलणाऱ्या आमच्या बायका त्या कलमावर कधी चकार शब्द बोलल्या नाहीत, आणि पुरुषही नाहीत.

तर उरले पडदे. आणि पडद्यांमध्ये नुन्झिया काराफाचा हात धरणारं कुणी नव्हतं.

नुन्झिया ब्रुकलिनची. चौथ्या मजल्यावरच्या स्वयंपाकघरातच तिचा जन्म झाला. आई लवकर गेली, बापाने वाढवलं. लढाईत ती पॅराशूट शिवायच्या कारखान्यात होती. तिच्या शिवणीच्या भरवशावर माणसं आकाशातून खाली उतरली होती. पडद्याची दुमड कधी वाकडी जाणार? नवरा आल विमानाच्या कारखान्यात जायचा, शनिवारी हिरवळ कापायचा, आणि बायको बोलत असताना मान डोलवायचा. संसार बरा चालला होता. गल्लीत तिला नॅन्सी म्हणायचे, कारण नुन्झिया म्हणताना आयरिश जिभेला घाम फुटायचा.

तिने ब्रुकलिनच्या जुन्या वस्तीतल्या दुकानातून लाल चौकड्यांचं कापड आणलं आणि स्वयंपाकघराच्या खिडकीला पडदे केले. खाली झालर, बाजूला बांधायला पट्ट्या. येणारीजाणारी प्रत्येक बाई चालता चालता थबकायची. नुन्झिया आतून भांडी घासत सगळं बघायची आणि आपलं लक्षच नाही असं दाखवायची.

पंधरवड्यात शेजारच्या पेग डन्लेव्हीच्या खिडकीला तसेच पडदे लागले. तेच कापड, तीच झालर. पट्ट्यासुद्धा.

नुन्झिया पेगला काही बोलली नाही. ती कोपऱ्यावरच्या मिर्ना लिबोविट्झला बोलली, म्हणजे गल्लीच्या नोटीसबोर्डावर लावल्यासारखंच झालं. "कौतुक आहे बाई," ती म्हणाली. "देवाने तिला डोळे दिले, हात दिले. आवड द्यायची तेवढी राहून गेली."

संध्याकाळपर्यंत ते पेगच्या कानावर गेलं. त्या दिवसापासून दोघी एकमेकींशी फक्त हवेबद्दल बोलायच्या.

"थंडी आहे."

"आहे खरी."

बस. सहा पावलांवरची शेजारीण, मधे कुंपण नाही की झुडूप नाही, आणि बोलणं टपाल खात्याच्या खिडकीवरचं.

आता नुन्झियाचा बाप. गाएतानो बुवा जन्माने दक्षिण इटलीचा, धंद्याने गवंडी आणि स्वभावाने खेचर. ब्रुकलिनच्या त्या इमारतीमागे फरसबंद चौक होता. त्याच्या कोपऱ्यातली एक फरशी उखडून त्याने अंजीर लावलं होतं. फांदी गावाहून आलेली, ओल्या फडक्यात गुंडाळून, त्याच्या लग्नाच्या वर्षी. अंजिराला ब्रुकलिनची थंडी सोसत नाही, म्हणून दर हिवाळ्याच्या तोंडावर तो झाडाची एका बाजूची मुळं तोडायचा, फांद्या दोरीने आवळायचा, जुन्या गालिच्यात गुंडाळून झाड आडवं करायचा आणि चरात पुरायचा. वर फळ्या, फळ्यांवर माती, मातीवर पाला. सेंट जोसेफच्या सणाला मार्चमध्ये उकरून परत उभं करायचा. जुन्या वस्तीत शरद ऋतूत दर घरामागे असं एक दफन व्हायचं, त्याचं कुणाला काही वाटायचं नाही.

मागच्या हिवाळ्यात म्हाताऱ्याला न्यूमोनिया झाला. चौथ्या मजल्यावर, थंड खोलीत, एकटा. घरमालकिणीला खोकला ऐकू येईना म्हणून तिने दार ढकललं, तेव्हा कळलं. त्या दिवसापासून फोनची घंटा वाजली की नुन्झिया हातातलं टाकून धावायची. त्यात आता हमरस्त्यासाठी सरकार ती इमारतच पाडणार होतं. एप्रिलपर्यंत खोली रिकामी करायची होती.

"पापा, आमच्याकडे या," ती म्हणाली.

"तुमच्याकडे तळघर नाही. माझी घरची द्राक्षाची दारू कुठे ठेवू, टोपीत?"

"पापा, हसण्यावारी नेऊ नका."

"हसत नाहीये. जिथे तळघर नाही ते घर नाही, डबा आहे. मिम्मो मला खोली देतोय."

मिम्मो म्हणजे त्याचा चुलतभाऊ. त्याची खोली खाटकाच्या दुकानावर होती, आणि जिना चौथ्या मजल्याच्या जिन्यापेक्षाही उभा. नुन्झियाने रडून पाहिलं, ओरडून पाहिलं, पाद्र्याला मधे घालून पाहिलं. शेवटी म्हातारा एवढ्यावर आला: झाड तुझ्याकडे आणून पुरतो. सेंट जोसेफला उकरू. जगलं असेल तर मीही येईन. मेलं असेल तर त्या मातीत दम नाही, मी मिम्मोकडे जाईन आणि तू परत विषय काढायचा नाहीस.

आल म्हणाला, "म्हणजे तुझ्या बापाचा मुक्काम एका झुडपाने ठरवायचा?"

"तू मान डोलव," नुन्झिया म्हणाली.

नोव्हेंबरातल्या थँक्सगिव्हिंगच्या सुट्टीत आलच्या आईकडे जाणं भाग होतं. म्हाताऱ्याला नेमका त्याच दिवसांत मिम्मोचा ट्रक मिळाला. नुन्झियाने फोनवर तीनतीनदा समजावलं: थिसल लेन, घराचा नंबर हा, आणि खिडकीला लाल चौकड्यांचे पडदे. नंबर वाचायला चष्मा लागतो, आणि चष्मा लावायचा तर वय कबूल करावं लागतं. गाएतानो बुवाने पडदे लक्षात ठेवले.

रविवारी तिथे फोन आला. "झोपवलं," म्हातारा म्हणाला. "माती बरी आहे. बटाट्याची आहे, पण बरी आहे."

नुन्झिया घरी आल्या आल्या कोट न काढता मागच्या दाराशी गेली. अंगणात हिरवळ होती, धुण्याची दांडी होती, कंपनीने दिलेलं सफरचंदाचं काटकुळं रोप होतं. माणूस निजावा एवढा लांब, ताज्या मातीचा उंचवटा होता तो डन्लेव्हींच्या अंगणात.

तिने डोळे मिटले आणि उघडले. उंचवटा तिथेच होता. शिवाय डन्लेव्ही मंडळीही गावाला गेली होती, पेगच्या आईला स्क्रँटनला सोडायला. लाल चौकड्यांची दोन घरं, दोन्ही रिकामी, आणि मधे कुंपण नाही. म्हाताऱ्याने पहिली लाल खिडकी पाहिली आणि कुदळ काढली.

तिने मिम्मोला फोन केला. "आता काढून इकडे लावता येईल का?"

"मेलंच समज," मिम्मो म्हणाला. "मुळं एका बाजूने तोडली आहेत, पोरी. परत हलवलंस तर संपलं. मार्चपर्यंत कुणी बोटही लावता कामा नये. का? काय झालं?"

"काही नाही. पापांना सांगू नका."

पापांना सांगण्याची सोयच नव्हती. परक्या अंगणात पडलेलं झाड म्हणजे देवाने दिलेला कौल, असं तो लगेच ठरवून मोकळा झाला असता. आणि पेगला सांगायचं? जिला आवड नाही असं आपण गावभर सांगितलं, तिच्या दारात जाऊन म्हणायचं, की माझ्या बापाने तुझी हिरवळ खणली, आता चार महिने कृपा करून तिकडे बघू नकोस? नुन्झियाने एकदा कोट घातला. एकदा काढला. तेवढ्यात डन्लेव्हींची गाडी आली.

स्वयंपाकघरातून तिला पेग कमरेवर हात ठेवून उंचवट्याकडे बघताना दिसली. पेगचा नवरा लिओ बुटाच्या टोकाने माती दाबून म्हणाला, "कंपनीवाले असतील. सेप्टिक टाकी शोधत असतील. मूर्खांना स्वतः पुरलेली सापडत नाही." कंपनीवाले न सांगता येऊन खणून जायचे हे खरंच होतं. लिओने हात झटकले आणि आत गेला. पेग मात्र जरा वेळ थांबली.

नुन्झियाला हायसं वाटलं. तिला वाटलं, आता बर्फ पडेल, सगळं झाकून जाईल, मार्च येईल.

पण बर्फ पडायच्या आधी मिर्ना लिबोविट्झची नजर पडली.

आमच्या गल्लीत सकाळची कॉफी आळीपाळीने एकेका घरी व्हायची. नवरे कामाला, थोरली मुलं शाळेत, धाकटी जमिनीवर रांगत. जमीन उबदार असायची, खालून गरम पाण्याच्या नळ्या गेलेल्या. त्यामुळे मुलं आणि गप्पा दोन्ही लवकर थंड व्हायची नाहीत. त्या दिवशी कॉफी मिर्नाकडे होती, आणि पेगला दातांच्या डॉक्टरकडे जावं लागलं होतं.

"पेगची आई दिसत नाही," मिर्ना म्हणाली.

"स्क्रँटनला गेली ना," कुणीतरी म्हणालं.

"असं लिओ सांगतो."

सगळ्यांनी कप खाली ठेवले.

"मी काही म्हणत नाही," मिर्ना म्हणाली. हे वाक्य म्हटल्यावर ती हमखास काहीतरी म्हणायची. "पण सासूबाई, टिअर्नीबाई, इथे असताना लिओ गॅरेजात बसून जेवायचा. आता बाई नाहीत. आणि अंगणात टिअर्नीबाईंच्याच मापाचा ढीग आहे. पावडर लावून उभ्या राहिल्या तर एवढ्याच भरतील त्या."

बायका खदखदा हसल्या. नुन्झियाही हसली. मग हसता हसता तिच्या मनात आलं, की हे असंच राहिलं तर त्या उंचवट्याजवळ कुणी फिरकणार नाही. मुलं त्यावर उड्या मारणार नाहीत. कुणी फावडं घेऊन मदतीला येणार नाही. आणि तिच्या तोंडून निघून गेलं, "त्या जायच्या आदल्या रात्री आवाज मात्र चढले होते."

ते खोटं नव्हतं. टिअर्नीबाई आणि लिओ कुठल्याच रात्री हळू बोलत नसत. पण त्या खोलीत, त्या वेळी, ते वाक्य मलईच्या भांड्यात पडलेल्या माशीसारखं सगळ्यांना दिसलं.

गंमत गंमत म्हणून सुरू झालेल्या गोष्टीत गंमत किती राहते हे सांगता येत नाही. कुणालाही खरं वाटत नव्हतं. लिओ डन्लेव्ही साधा उंदीर पिंजऱ्यात सापडला तर पलीकडच्या शेतात सोडून यायचा. तरी आया मुलांना म्हणायला लागल्या, "डन्लेव्हींच्या मागे खेळू नका, चिखल आहे." आणि लिओ रस्त्यात भेटला की पुरुष उगाच विचारायचे, "सासूबाई कशा आहेत?" तो म्हणायचा, "शांत आहेत, देवाची कृपा." मग हे लोक एकमेकांकडे बघायचे.

जानेवारीत पेगची कॉफीची पाळी आली. नुन्झियाने खिडकीतून पाहिलं: पेगने ताटात केक मांडला, कप लावले, केस नीट केले. मिर्नाच्या मुलाला नेमकं गालगुंड झालं. दुसरीला पाहुणे आले. तिसरीला काहीच सुचलं नाही, ती नुसतीच गेली नाही. खुद्द नुन्झियाने डोकेदुखीचा निरोप धाडला होता. तासाभराने पेगने पुरं भांडं कॉफी मोरीत ओतली. मग पदर नाही म्हणून भांडं पुसायच्या फडक्याने डोळे टिपले, आणि लाल चौकड्यांचा पडदा ओढून घेतला.

त्या दिवशी नुन्झियाने रस्सा करपवला. आलने तो मुकाट्याने खाल्ला आणि विचारलं, "काय झालं?"

तिने सगळं सांगितलं. आलने या वेळी मान डोलवली नाही.

"जाऊन सांग तिला."

"आणि तिने रागाच्या भरात झाड उपटून फेकलं तर? मार्चला पापा येतील आणि बघतील काय? मिम्मोच्या जिन्यावरून त्यांना खाली आणायला मग चार माणसं लागतील, आल. पाय पुढे करून."

आलने ताट उचलून मोरीत ठेवलं.  नुन्झिया रोज सकाळी उठून मागचं दार उघडायची, बर्फाखालचा तो लांबट उंचवटा बघायची, आणि दार लावून घ्यायची.

फेब्रुवारीच्या शेवटी बर्फ वितळायला लागलं. एका शनिवारी लिओने गाडीतून सिमेंटच्या गोण्या उतरवल्या. मिर्ना धावत आली. "काँक्रीटचा ओटा घालतायत, मागच्या अंगणात. वर कोळशाची शेगडी मांडणार. पेग स्वतः म्हणाली, माती आयतीच उकरलेली आहे, तिथेच घालू. बघ आता. वर सिमेंट. म्हणजे झालंच की नाही पक्कं?"

नुन्झियाने हातातलं शिवण खाली ठेवलं. कोटही न घालता ती मागच्या दाराने बाहेर पडली आणि जिथे कुंपण असायला हवं होतं तिथून पलीकडे गेली.

पेगने दार उघडलं. "थंडी आहे," ती म्हणाली.

"पेग, तिथे ओटा घालू नका."

"का गं?"

"खाली माझ्या बापाचं झाड आहे."

पेगने तिला आत घेतलं. खुर्ची दाखवली. कॉफी ओतली. साखर विचारली. नुन्झियाने एका दमात सगळं सांगितलं: पापा, जिना, न्यूमोनिया, पडदे, चुकलेलं घर, मिर्नाकडची कॉफी, आणि आवाज चढल्याचं ते वाक्यही. ते सांगताना तिने कपातच बघितलं.

"झालं?" पेगने विचारलं.

"झालं."

"मला नाताळपासून माहीत आहे."

नुन्झियाने वर पाहिलं.

"नाताळला तुमच्याकडे सगळे जेवून आडवे झाले होते," पेग म्हणाली. "तुझे वडील मागच्या दाराने आले आणि सरळ माझ्या अंगणात गुडघे टेकून बसले. मला वाटलं, प्रार्थना करतायत, आता बोलवावेत पोलीस. बाहेर गेले तर टोपी काढून मला म्हणाले, 'अंजीर. झोपलाय. आवाज नको.' मी त्यांना कॉफी दिली, थोडी व्हिस्की घालून. मधे कुंपण नाही, त्यांना सगळं अंगण तुझंच वाटलं, आणि मी तुझ्याकडे कामाला असते असंही. म्हणाले, माझ्या पोरीला सांग, बाई चांगली ठेवली आहेस."

"देवा," नुन्झिया म्हणाली.

"मी म्हटलं, सांगते."

"मग बोलली का नाहीस? गल्लीभर लोक काय काय…"

"तू कधी येतेस ते बघत होते." पेगचा आवाज शांत होता. "आधी मजा वाटली. तू रोज सकाळी दार उघडून बघायचीस, मीही पडद्याआडून बघायची. मग माझ्याकडे कॉफीला कुणी आलं नाही, तेव्हा मजा वाटली नाही. मिर्नाने मला येऊन सांगितलंच होतं की आवाजाचं तूच म्हणालीस. ती सांगितल्याशिवाय राहील?"

नुन्झियाने कप बाजूला सरकवला. 

"सिमेंट पलीकडच्या बाजूच्या ओट्यासाठी आहे," पेग म्हणाली. "स्वयंपाकघराच्या दाराशी. गल्लीत मात्र मी इकडे घालणार म्हणून सांगितलं. म्हटलं, एवढ्यानेही आली नाही तर खरंच इकडे घालायचं."

"घातलं असतंस?"

पेगने जरा विचार केला. "गोण्या उचलून ओतायचं काम लिओला करावं लागलं असतं. तो आळशी आहे. बहुतेक नसतं घातलं."

मग पेगने आपली अट सांगितली. सोमवारी कॉफी तिच्याकडे. सगळ्यांना बोलवायचं नुन्झियाने, आणि सांगायचंही नुन्झियाने, आवाजाच्या वाक्यासकट.

"आणि पडद्यांचं कोण सांगणार?" नुन्झियाने विचारलं. गळ्यापर्यंत बुडालेली असतानाही तिला ते विचारल्याशिवाय राहवलं नाही.

पेग लाल झाली, चौकड्यांना शोभेल इतकी. "मी सांगेन," ती म्हणाली. "मला आवडले म्हणून केले. विचारायला लाज वाटली. तू जरा उर्मट आहेस, नॅन्सी."

"आहे," नुन्झिया म्हणाली.

सोमवारी सगळ्या आल्या. या वेळी कुणाच्याच मुलाला गालगुंड झालं नाही. नुन्झियाने उभं राहून सांगितलं. मधे दोनदा ती वाक्य अर्धं सोडून टेबलावरच्या कापडाची दुमड सरळ करायला लागली, तेव्हा पेगने तिच्यापुढे केक सरकवला, बोलणं थांबवून खायला नव्हे, हाताला काम म्हणून. 

"म्हणजे," मिर्ना म्हणाली, "तिथे कुणीच नाही?"

"अंजीर आहे."

"ते कळलं गं," मिर्ना म्हणाली, आणि तिचा चेहरा खरोखरच उतरला. हिवाळाभर जपलेली गोष्ट अशी हातातून जायची म्हणजे तिच्यासारखीला सोपं नव्हतं. पण जाताना तिने पेगला मिठी मारली आणि पुढच्या वेळी येताना लिंबाची पाई आणली. आमच्या गल्लीत माफी तोंडाने मागत नसत, भट्टीतून काढून आणत.

सेंट जोसेफच्या दिवशी डन्लेव्हींच्या मागे अख्खी गल्ली जमली. टिअर्नीबाई मुद्दाम स्क्रँटनहून आल्या होत्या. पिसाची टोपी घालून त्या घडीच्या खुर्चीवर पहिल्या रांगेत बसल्या. "माझं दफन चुकलं," त्या म्हणाल्या, "निदान उकरताना तरी असावं." लिओ लांब गॅरेजाच्या दाराशी उभा होता.

गाएतानो बुवाला घर चुकल्याचं पेगनेच सांगितलं, कारण नुन्झियाची हिंमत होईना. म्हाताऱ्याने आधी या खिडकीकडे पाहिलं, मग त्या खिडकीकडे. मग मुलीकडे.

"दोन्ही तशाच," तो म्हणाला.

"हो पापा."

"आणि ही बाई तुझ्याकडे कामाला नाही."

"नाही पापा."

"नशीब तिचं," म्हातारा म्हणाला आणि कुदळ घेऊन चरात उतरला.

माती काढली. फळ्या काढल्या. गालिचा ओला होता आणि त्याला वास येत होता. दोऱ्या कापून, आल आणि मिम्मोने ओढून झाड उभं केलं. करड्या काड्यांची ती मोळी बघून गल्लीतल्या लोकांनी एकमेकांकडे पाहिलं. यासाठी एवढं?

म्हाताऱ्याने खिशातून चाकू काढून एका फांदीची साल खरवडली. आत तपकिरी. त्याने दुसरी खरवडली. तपकिरी. तो खाली वाकला, आणखी खाली, आणि खोडावर नख फिरवलं. तपकिरी. नुन्झियाने आलचं मनगट धरलं ते इतकं घट्ट, की त्याच्या घड्याळाचा पट्टा तुटला. टिअर्नीबाईंनीही टोपीचं पीस हलू दिलं नाही.

म्हातारा गुडघ्यांवर बसला. मुळांजवळची माती बोटांनी बाजूला केली आणि नखाने हलकेच खरवडलं. मग तसाच बसून राहिला.

"पापा?"

"आळशी आहे," तो म्हणाला. "वरचं सगळं कापावं लागेल. पण खाली हिरवं आहे."

त्याने चष्मा काढला. तेव्हा कुठे सगळ्यांच्या लक्षात आलं की त्याने तो लावला होता. चष्मा पुसून तो उठला, आपल्या मुलीच्या घराकडे वर बघत राहिला आणि आलला म्हणाला, "तो माळा. किती गरम होतो उन्हाळ्यात?"

"बराच होतो," आल म्हणाला.

"मग दारू तिथे ठेवता येणार नाही. जमिनीत खड्डा करावा लागेल. खणायची परवानगी आहे ना तुमच्या कंपनीची?"

"नाही," आल म्हणाला.

"बरं," गाएतानो बुवा म्हणाला, "रविवारी खणू."

नुन्झिया त्या वेळी हसली की रडली यावर पुढे बरेच दिवस वाद चालला. मिर्ना म्हणायची रडली. पेग म्हणायची, थंडीने नाक गळत होतं.

झाड डन्लेव्हींकडून उचलून काराफांच्या अंगणात लावलं. मुळाला धरून थोडी पेगची मातीही आली. त्यावर म्हातारा तिला पुढे दर वर्षी अंजिरं द्यायचा, भाडं म्हणून. त्याने माळ्यावर स्वतःच्या हाताने भिंती घातल्या, इतक्या सरळ की आसपासचे लोक जिना चढून बघायला यायचे, आणि पुढे बरीच वर्षं तो तिथे राहिला. शरद ऋतूत झाड पुरायचा दिवस आला की लिओ पहिल्या रांगेत फावडं घेऊन हजर असायचा. आणि मिर्ना दर वर्षी गल्लीतलं आणखी कुणीतरी दिसत नसल्याची आठवण करून द्यायची.

नुन्झियाने मात्र एक काळजी घेतली. बापाचं वय झालं होतं, चष्मा पुन्हा खिशात गेला होता, आणि घर चुकून उद्या तो पेगच्या सोफ्यावर झोपला असता. म्हणून एप्रिलमध्ये तिने लाल पडदे उतरवले आणि हिरव्या पानांच्या नक्षीचे नवे शिवून लावले.

दुसऱ्या दिवशी पेगने दारावर टकटक केली. "थंडी कमी झाली," ती म्हणाली.

"झाली खरी."

"हे कापड कुठे मिळालं गं?"

नुन्झिया मागे वळली आणि कपाटातून घडी काढून तिच्या हातात ठेवली. तिने आधीच दोन खिडक्यांचं आणून ठेवलं होतं.

"पट्ट्या मी शिवून देते," ती म्हणाली. "तुझ्या मागच्या वेळी वाकड्या झाल्या होत्या."